जास्तीचा पाइप

पंपाचं काम ठरलं तेव्हा कापणीला तीन आठवडे उरले होते आणि साऱ्या टापूत डिझेलचा ठणठणाट होता. जवळचा म्हणावा असा पंप गाठायचा म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. ऐन पिकात यंत्र बंद पडलं की मालक आधी यंत्राला आणि मग नशिबाला शिव्या घालायचा, कॅन उचलून रस्त्यावर उभा राहायचा आणि जो ट्रक थांबेल त्यात चढायचा. घराघरांत पलंगाखाली, जिन्याखाली, धान्याच्या पोत्यांमागे डिझेलचे कॅन दडवलेले असत. म्हणून दूधवाल्याने रस्त्याकडेची आपली जागा पंपाला दिली, तेव्हा त्याच्याशी वर्षानुवर्षं न बोलणारेसुद्धा थांबून त्याची चौकशी करायला लागले. दूध गोळा करायचा त्याचा धंदा बंद होऊन सहा वर्षं झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

कंपनीने टाक्या पुरल्या, छत उभं केलं, दोन मशीनं आणून ठेवली. राहिलं विजेचं काम. एका दुपारी, जेवणं चालू असतानाच, दूधवाला आबांच्या दारात येऊन उभा राहिला.

"आबा, हे काम तुम्हाला सोडून कोणाला देणार? सगळ्या गावाच्या भिंतीत तुमच्याच वायरी आहेत."

आबा खुश झाले. पस्तीस वर्षं वायरमनकी केलेल्या माणसाला आणखी काय हवं? पण दूधवाला पुढे चाचरत म्हणाला, "फक्त कंपनीचं एक म्हणणं आहे. पेट्रोलच्या जागेचा वेगळा परवाना असलेला माणूस पाहिजे."

"परवाना घरातच आहे," आबा घास न थांबवता म्हणाले. "सूनबाईंच्या नावावर. सही त्या करतील, काम मी करीन."

सून आत पाणी भरत होती. दोन वर्षांपूर्वी शहरात आठ आठवडे राहून तिने तो परवाना मिळवला होता. एकतीस जणांत ती एकटी बाई. निकाल लागला तेव्हा आबांनी भेटेल त्याला थांबवून सांगितलं होतं. पण कामावर गेल्यावर पक्कड मात्र आधी आबांच्याच हातात जायची. ती तांब्या घेऊन बाहेर आली, दूधवाल्याला पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाली, "सही माझी असेल तर काम मी सांगेन तसं होईल, आबा."

तिच्या नवऱ्याने ताटात मान घातली. त्याचं म्हणणं, बाप आणि बायको बोलत असताना माणसाने जेवत राहावं. सासूबाईंनी डाव हातात धरून नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. आबा मोठ्याने हसले.

"बघितलंत? हिला मीच शिकवलंय," ते दूधवाल्याला म्हणाले. आणि काम ठरलं.

आबांना हसू आलं ते खरं होतं. मनाने मोठा माणूस. त्यांच्या कामाची एक खूण सगळ्यांना ठाऊक होती. ज्या घरात ते वायरिंग करत, तिथे भिंतीत एक पाइप जास्तीचा, रिकामा टाकून ठेवत. कोणी सांगितलेलं नसे, कोणाला ते आधी सांगतही नसत. काम पुरं झालं की घरातल्या सगळ्यांना गोळा करायचे, एक झाकण उघडायचे आणि पाइपाचं तोंड दाखवून म्हणायचे, "हा पुढच्यासाठी. उद्या पंखा वाढवा, मोटार आणा, भिंत फोडायची गरज नाही." घरच्यांचे चेहरे फुलायचे. दहा-दहा वर्षांनी लोक येऊन सांगायचे, आबा, तुमचा तो पाइप आज कामाला आला. त्या दिवशी आबांना जेवण दोन घास जास्त जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पंपावर गेली. ऊन आठ वाजताच चटके देत होतं. सुनेने आधी हत्यारांना हातच लावला नाही. चुन्याची पिशवी घेतली आणि दोन्ही मशीनांभोवती, टाकीच्या तोंडांभोवती, हवा जायच्या उंच नळ्यांभोवती पांढऱ्या रेघा ओढल्या.

"ह्या रेघेच्या आत साधं काही नाही," ती म्हणाली. "साधा डबा नाही, साधं बटण नाही, चिकटपट्टीचा जोड नाही. कोणाच्या खिशातला फोनही नाही."

दूधवाला खुर्ची टाकून सावलीत बसला होता. "वहिनी, एवढं मोकळं रान आहे. वाऱ्याने सगळा वास उडून जाईल की."

"धूर वर जातो, भाऊजी. पेट्रोलची वाफ जात नाही. ती हवेपेक्षा जड असते. पाण्यासारखी जमिनीवरून सरकते, उतार शोधते, खड्डा मिळाला की त्यात बसून राहते. मशीनखाली बघा, खड्डाच आहे."

दूधवाल्याने खुर्ची दोन हात मागे घेतली. आबा मिश्यांत हसले.

चार दिवस तिघांनी चर खणला. माती वरून भाजलेली आणि खाली दगडासारखी होती. नवऱ्याच्या तळहातांना फोड आले, फुटले, त्यावर त्याने चिंध्या बांधल्या आणि पहार चालूच ठेवली. आबांचे गुडघे गेलेले, त्यामुळे ते चराच्या काठावर पोतं टाकून बसत आणि पोलादी तारांचं चिलखत असलेली जाड केबल मापाने कापून देत. ती केबल वाकवायची म्हणजे कुस्ती. सून ती मांडीखाली दाबून धरायची, आबा टोक सोलायचे, आणि दोघांच्या तोंडून एकाच वेळी हुश्श निघायचं. कामात दोघांचे हात इतके जुळलेले होते की अर्ध्या गोष्टी बोलाव्याच लागत नसत.

पाचव्या दिवशी लोखंडी पेट्या बसवायला घेतल्या. वायरींचे जोड ज्यात राहतात त्या पेट्या. एकेक एवढी जड की उचलायला दोन माणसं, आणि झाकणाला बारा बोल्ट. दूधवाला त्यांना तिजोरी म्हणायचा. नवऱ्याच्या चिंध्या बांधलेल्या बोटांतून एक बोल्ट निसटला, खाली दगडावर आपटला आणि त्याचे आटे गेले.

"अकरा आहेत ना," दूधवाला म्हणाला. "बारावा काय जावई आहे, त्याच्यासाठी खोळंबून राहायला?"

"साधा कुठला तरी लावू," आबा म्हणाले. "माझ्याकडे डबाभर आहेत."

"नाही, आबा." सुनेने झाकण उचलून त्याची रुंद, गुळगुळीत कड दाखवली. "ही पेटी वाफेला आत येऊ देत नाही असं नाही. वाफ आत जातेच. आत ठिणगी पडली तर आतल्या आत भडका उडणारच. पण तो जाळ बाहेर यायला ह्या कडेमधल्या बारीक फटीतून येतो, आणि येता येता थंड होतो. एक बोल्ट ढिला असला की तिथे फट वाढली. मग जाळ गरमच बाहेर येईल."

आबांनी झाकणावरून बोट फिरवलं. "म्हणजे घरात भांडण झालं तरी शेजाऱ्याला कळू द्यायचं नाही," ते म्हणाले.

"अगदी तसंच."

तो बोल्ट गावात मिळणारा नव्हता. चार ग्लँडही मापाच्या निघाल्या नाहीत. ग्लँड म्हणजे केबल पेटीत शिरते तिथे तिला घट्ट आवळून धरणारी पितळी बोंडं. सुनेला शहरात जाणं भाग होतं. जाताना तिने घडी पडलेला नकाशा आबांच्या हातात दिला. "केबल ह्याप्रमाणे टाका, वर वाळू भरा. पण चर झाकू नका. मी येऊन बघीन."

शहरातल्या दुकानदाराने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. "मिस्तरी कुठेत?"

"मीच."

"नाही, म्हणजे काम कोण करणार आहे? त्यांना पाठवा. हा माल वेगळा असतो, ताई."

तिने बोल्टाची जात, आट्याचं माप, ग्लँडचे नंबर न अडखळता सांगितले आणि वर म्हणाली, "प्रत्येक ग्लँडचं प्रमाणपत्र पण काढून ठेवा. नसेल तर तसं सांगा, मी शेजारच्या दुकानात जाते." दुकानदार शिडीवर चढला. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसताना तिला स्वतःचाच जरा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पंपावर उतरली तर चर झाकलेला. वर ओलं काँक्रीट, त्यावर ओली पोती, आणि कार्यालयात नवी फरशी बसलेली. दूधवाल्याने गवंडी आयते मिळाले म्हणून काम उरकून घेतलं होतं.

"मी येईपर्यंत थांबा म्हटलं होतं," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, गवंडी निघून चालले होते. आणि आबा होते ना समोर."

"तुझ्या कागदापासून केसभरही हललो नाही," आबा म्हणाले. त्यांनी नकाशा परत दिला. त्यावर प्रत्येक ओळीपुढे त्यांनी पेन्सिलने खूण केली होती. तिने केबली मोजून तपासल्या. सगळ्या बरोबर भरल्या. तिचा राग ओसरला. बोल्ट बसवला, ग्लँड आवळल्या, आणि केबलच्या नळीत सिमेंटसारखा लगदा कालवून ओतला, जेणेकरून नळीतून वाफ पुढे सरकू नये. तो लगदा घट्ट होईपर्यंत ती उन्हात तिथेच बसून राहिली. बोटाने दाबून पाही आणि पुन्हा बसे.

तपासणीच्या आदल्या दिवशी टँकर आला. टाक्या भरल्या. मशीनचं माप बरोबर येतंय का ते पाहायला कंपनीच्या माणसांनी दिवसभर मापात पेट्रोल ओतलं, परत टाकीत रिकामं केलं. त्यात थोडं मशीनखालच्या खड्ड्यात गळलं.

तपासणीच्या दिवशी पहाटेपासून रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली. कॅन, ड्रम, दुधाच्या जुन्या किटल्या, जे हाताला लागलं ते घेऊन लोक आले होते. सासूबाई ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या. तपासणीचे साहेब शिडशिडीत आणि कमी बोलणारे होते. तीन तास ते हातात यादी घेऊन फिरले. प्रत्येक पेटीच्या झाकणाच्या फटीत पोलादाची पातळ पट्टी घालून पाहिली. ती कुठेच शिरली नाही. प्रत्येक ग्लँड हाताने ओढून पाहिली. लाल बटण दाबलं तशी दोन्ही मशीनं जागच्या जागी बंद पडली.

"नळीत हे सील कोणी भरलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"चांगलं भरलंय."

एवढंच म्हणाले, पण सुनेला वाटलं, शहरातल्या त्या दुकानदाराला इथे आणून हे ऐकवावं. साहेब चहा प्यायला बाहेर छताखाली थांबले. काम पुरं झाल्याचा कागद कार्यालयातल्या टेबलावर तिच्या सहीची वाट पाहत होता. खोलीत दूधवाला, त्याचे दोनतीन सोबती, घरचे सगळे, अशी गर्दी झाली. पंखा फिरत होता. कोपऱ्यात थंड बाटल्यांचा नवाकोरा फ्रिज गुरगुरत होता. तिने पेन उचललं.

"थांबा, थांबा," आबा म्हणाले. "सहीच्या आधी माझं एक राहिलंय."

त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, दुखरे गुडघे वाकवून भिंतीजवळ बसले आणि स्विचबोर्डाखालचं कोरं झाकण उघडू लागले. सासूबाई हसल्या, त्यांना पुढचं माहीत होतं. दूधवाला उत्सुकतेने वाकला. झाकण निघालं. आत पाइपाचं गोल तोंड होतं, त्यात चिंधीचा बोळा. आबांनी तो ओढून काढला आणि वळून सगळ्यांकडे पाहिलं. तोंडावर आनंद मावत नव्हता.

"हा पुढच्यासाठी. उद्या कंपनीने आणखी काही वायर मागितली, कॅमेरा म्हणा, काय म्हणा, फरशी फोडायला नको. इथून घातली की थेट मशीनपाशी."

"वा, आबा!" दूधवाल्याने टाळी वाजवली.

सुनेने पेन खाली ठेवलं. "आबा, ह्याचं दुसरं तोंड कुठे आहे?"

"मशीनखालच्या खड्ड्यात. केबलींच्या मागे. सरळ आणलाय, एक वाकण नाही."

"तिकडे बंद केलंय?"

"बंद कशाला? वायर घालायची म्हटल्यावर..."

वास तिला आधी आला, मग बाकीच्यांना. गोडसर, घशाला लागणारा. रात्रभर खड्ड्यातली वाफ त्या सरळ, कोरड्या, स्वच्छ पाइपातून हळूहळू सरकत बोळ्यापर्यंत येऊन बसली होती, आणि आता जमिनीवर उतरत होती. एका नळीला तिने उन्हात बसून सील भरलं होतं आणि दुसरी सताड उघडी होती.

"पेट्रोलचा वास आला बघा, पंप झाला आपला," दूधवाला हसत म्हणाला. "पंखा वाढवतो जरा." आणि त्याचा हात बटणाकडे गेला.

"हात लावू नका!"

एवढ्या मोठ्याने ती आयुष्यात ओरडली नव्हती. दूधवाल्याचा हात हवेतच राहिला.

"कोणी कुठलंही बटण दाबायचं नाही. चालू नाही आणि बंदही नाही. बंद करतानासुद्धा ठिणगी पडते. सगळे बाहेर चला, पळू नका, काही ओढू नका." ती नवऱ्याकडे वळली. "फाटकाजवळच्या मीटरवरून मेन पाडा. तिथूनच. आधी तेवढं करा. फ्रिज मनाला येईल तेव्हा चालू-बंद होतो."

नवरा एरवी दहा प्रश्न विचारणारा. त्या दिवशी एक शब्द न बोलता सुटला. सुनेने आबांच्या हातातला बोळा घेऊन पाइपात परत कोंबला, आबांना काखेत धरून उठवलं आणि बाहेर आणलं. ती तीस-चाळीस पावलं आणि नवऱ्याचं ते धावणं, तेवढा वेळ तिला फक्त फ्रिजची गुरगुर ऐकू येत होती. मग गुरगुर थांबली. पंखा मंदावत मंदावत उभा राहिला. तिने दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि मगच श्वास सोडला.

साहेब गॅस मोजायचं यंत्र घेऊन आत गेले. पाइपाजवळ नेताच ते किंचाळायला लागलं. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"हा पाइप नकाशात नाही. कोणी टाकला, मॅडम?"

रांगेतली माणसं ट्रॅक्टरवरून उतरून जवळ आली होती. आबा खांबाला धरून उभे होते. स्क्रूड्रायव्हर अजून हातात होता. ते काही बोलले नाहीत. सुनेने त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

"काम माझ्या परवान्यावर आहे," ती म्हणाली. "जबाबदारी माझी."

"मग आजची सही नाही. तीन दिवसांनी येईन. तोवर एक थेंब विकायचा नाही."

रांगेतून एकच गलका उठला. ट्रॅक्टर एकेक करून वळले. दूधवाल्याची भीती ओसरली तसा राग चढला. "कापणी तोंडावर आलीय, अख्खा टापू माझ्या दारात उभा होता, आणि ही शोभा! बाईच्या हातात काम दिलं की असंच व्हायचं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. सुनेला संताप आला. त्याचा तर आलाच, पण त्याहून जास्त आबांचा. एक शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं? आणि मग स्वतःचाही आला. ज्या घराच्या चार भिंतींत असे चार पाइप आहेत, त्या घरात ती सहा वर्षं राहत होती. तिने नुसतं विचारायला हवं होतं.

तिने साहेबांना गाठलं. "ते यंत्र तीन दिवस माझ्याकडे ठेवता का?" साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि देऊन टाकलं.

संध्याकाळी घरी सगळे जेवायला बसले. नवरा एकदाच पुटपुटला, "मी बघितला होता टाकताना. पण तो तर आबा नेहमीच टाकतात, सांगण्यासारखं काही वाटलंच नाही." सासूबाई आबांना वाढता वाढता म्हणाल्या, "पोरगी सगळ्यांसमोर तुमच्यावर पांघरूण घालून उभी राहिली, आणि तुमची दातखीळ बसली." आबांनी ताट अर्धवट सोडलं आणि हात धुवायला उठले.

सकाळी ती आणि नवरा पंपावर पोचले तेव्हा आबा आधीच येऊन बसले होते. कार्यालयाच्या फरशीवर ओली पोती अंथरलेली. छिन्नी, हातोडी, पाण्याची बादली शेजारी. पण एकही घाव घातलेला नव्हता.

"तू बघ आधी," ते म्हणाले. "मग सुरू करतो."

तिने यंत्र पाइपाला लावलं, खड्ड्यात सोडलं. खड्डा पुसून कोरडा केला, तासभर वारा जाऊ दिला, पाइपाचं त्या बाजूचं तोंड बंद केलं. यंत्र गप्प झाल्यावर तिने मान हलवली.

आबांनी गुडघे टेकले आणि परवाच बसलेली गुळगुळीत फरशी फोडायला घेतली. विजेचं यंत्र चालणार नव्हतं. सगळं हाताने, पाणी मारत मारत. दोन घाव, एक ओंजळ पाणी. नवरा म्हणाला, आणा इकडे, मी फोडतो. आबांनी ऐकलं न ऐकलं केलं. दुपारपर्यंत ते भिंतीपासून दारापर्यंत आले होते. सदरा पाठीला चिकटला होता. बसल्या बसल्या पुढे सरकताना तोंडातून आवाज निघू नये म्हणून ते ओठ चावत. सून तुकड्या-तुकड्याने पाइप कापून बाहेर काढत होती. तिचा राग कधी गेला ते तिला कळलंच नाही. तिला फक्त त्यांचे गुडघे दिसत होते.

तिसऱ्या प्रहरी दूधवाला आला. फोडलेल्या फरशीकडे पाहून त्याने कपाळावर हात मारला. "वहिनी, आणखी काय काय फोडायचं राहिलंय तेवढं सांगून टाका."

आबांनी हातोडी खाली ठेवली.

"तिला बोलू नका. पाइप मी टाकला. ती शहरात गेली तेव्हा, तिला न विचारता." ते मान वर करून सरळ त्याच्याकडे पाहत होते. "काल तुम्ही जे बोललात ते मी ऐकलं आणि गप्प बसलो. ते पाइपापेक्षा वाईट झालं. काल ही नसती तर तुमचा हात बटणावर पडला होता."

 दूधवाला गेला आणि स्वतः चहा घेऊन आला. पहिला पेला त्याने सुनेपुढे धरला आणि खाली बघत म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. माझी जीभच तशी आहे."

"जिभेला पण एखादा बोल्ट बसवून घ्या," ती म्हणाली, आणि नवऱ्याला चहाचा ठसका लागला.

दुसऱ्या दिवसअखेर पाइप निघाला, खड्ड्यातल्या भोकाला पितळी बूच आट्यात घट्ट बसलं, चर वाळूने भरून वर काँक्रीट झालं. तिसऱ्या दिवशी साहेब आले. पेट्या पाहिल्या, बूच पाहिलं, यंत्र हातात घेऊन कार्यालयाचे चारी कोपरे फिरले. ते गप्पच राहिलं. सुनेने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि सही केली. साहेब म्हणाले, यंत्र आणखी दोन दिवस राहू दे तुमच्याकडे, शेजारच्या गावची तपासणी झाली की घेऊन जाईन.

पहिलं डिझेल ट्रॅक्टरमध्ये पडलं तसा आरडाओरडा झाला. कोणी शिट्टी मारली. सासूबाई बायकांना सांगत होत्या, माझ्या सुनेची सही आहे त्यावर. सुनेने आबांना शोधलं. ते गर्दीत नव्हते. रस्त्याच्या कडेला गाडीवर हत्यारांची पिशवी बांधून, एका हाताने सीटला धरून उभे होते.

"काय झालं, आबा? आत या ना."

"सूनबाई, गॅसच्या सिलिंडरांचं गोदाम आहे ना, विटभट्टीच्या पुढे? त्याचं वायरिंग मी केलंय. तू ह्या घरात यायच्या आधी." त्यांनी पिशवीची दोरी आवळली. "तिथेही एक ठेवलाय."

ती थांबली. गॅसही पेट्रोलच्या वाफेसारखाच जड, जमिनीवर बसणारा.

"कुठून कुठे?"

"सिलिंडरांच्या खोलीतून पहारेकऱ्याच्या खोलीत. त्याच्या पलंगामागे तोंड आहे. कोपऱ्यात तो शेगडी पेटवतो." आबांनी तिच्याकडे पाहिलं. "दोन दिवस छिन्नी मारताना मी एकेक घर आठवत होतो. बाकी सगळी घरं घरंच आहेत. हे एकच. काल रात्री आठवलं. तुला सही होईपर्यंत सांगायचं नाही असं ठरवलं होतं, मग पहाटे वाटलं तेही चुकलंच. गोदामाच्या मालकाला उठवलं, शेगडी पेटवू नकोस म्हणून निरोप पाठवायला सांगितलं. तो हसला. इतक्या वर्षांत काही झालं नाही म्हणाला. निरोप पोचवला असेल असं मला वाटत नाही."

सुनेने गॅस मोजायचं यंत्र उचललं, नवऱ्याला हाक मारली. तिघं गाडीवर बसली. मागे पंपावर लोक त्यांना हाका मारत होते.

गोदाम बंद होतं. बाजूच्या खोलीच्या धुराड्यातून पातळ धूर येत होता. सुनेने पुढे होऊन कडीला हात घातला, पण आबांनी तिला हळूच बाजूला केलं. लंगडत पायऱ्या चढले आणि दारावर थाप मारली. पहारेकऱ्याने दार उघडलं. आबांना पाहताच त्याचं तोंड उजळलं.

"या, या, आबा! चहाच ठेवलाय बघा."

"आधी ती शेगडी विझव," आबा म्हणाले, "आणि बाहेर ये. मी काय करून ठेवलंय ते तुला सांगायचंय."

पहारेकरी गोंधळून सुनेकडे पाहू लागला.  यंत्र छातीशी धरून ती आबांच्या मागे एक पायरी खाली उभी राहिली.